आलं : ग्रिलमधलं, कपातलं, औषधातलं – तुमचे अनुभव लिहा

मुंबईत ग्रिलमध्ये, गच्चीवर कोणी आलं लावलंय का? आणि ते कशाकशात वापरता? सुरुवात मी करते.

आमचं गोरेगावचं ग्रिल पूर्वेला, सकाळचं ऊन पुरतं. खोल कुंडीपेक्षा पसरट क्रेट बरा, कारण कंद आडवा पसरतो. मेअखेरीस डोळे फुगलेले तुकडे दोन इंच खाली लावते. खरी काळजी जुलैची. झड लागली की क्रेट आत ओढायचा. खालची पानं पिवळी पडली, बुंधा हलकेच ओढताच हातात आला आणि कुजका वास सुटला, तर तो कंद मातीसकट बाहेर. ती माती दुसऱ्या कुंडीत अजिबात घालू नका! पानं वाळली की डिसेंबर-जानेवारीत काढणी. मधेच हवं असेल तर कडेची माती उकरून तुकडा मोडून घ्यायचा, बाकीचं वाढत राहतं.

दादरकर
आमच्याकडे कुंडीला जागाच नाही, भाजीबाजार जिंदाबाद. चहाला जुनं, जाड सालीचं; लोणच्याला नवं, कमी रेषांचं. आलं घातल्यावर दूध फाटतं म्हणणाऱ्यांनी ते आधी पाण्यात खळखळ उकळावं, मग दूध घालावं. कच्च्या आल्यातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं, उकळीत ते निकामी होतं.

मुलुंडची सून
सासूबाई सुंठ घरीच करतात, पण मार्चच्या उन्हात. पावसाळी दमट हवेत बुरशी धरते. गोकुळाष्टमीच्या सुंठवड्याला हीच सुंठ. ताज्या आल्यापेक्षा ठसका जास्त, कारण वाळताना आल्यातल्या जिंजेरॉल या तिखट द्रव्याचं शोगाओल होतं आणि ते अधिक तिखट असतं. डोकं दुखलं की सहाणेवर उगाळून कपाळावर लेप. भाजतं मात्र!

भाऊचा धक्का
मांडव्याच्या लाँचमध्ये मला मळमळतं. खिशात आलेपाकाची वडी असते, गेटवेलाच तोंडात टाकतो. मला उपयोग होतो.

गच्चीवाली
बाबांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी सांगितलं, चहात किसून घातलंत तर हरकत नाही, पण रोजचा कडक काढा किंवा आल्याच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय नकोत. घरोघरी काढे उकळणाऱ्यांनी एवढं बघाच.

नवीन सभासद
ताई, आल्याची पानं वापरता येतात का?

धागाकर्ती
हो, कोवळी पानं चहात टाकते. वास कंदापेक्षा सौम्य. बुंध्याची सगळी मात्र खुडू नका, कंद बारीक राहतो.