फ्रॉस्ट पडल्यावर झिनिया-झेंडूचं बी धरावं का?

फ्रॉस्टने, म्हणजे रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीने, झाडं काळी पडली म्हणून बीही गेलं, असं धरून सगळं कंपोस्टात टाकायची घाई करू नका. बी मरतं ते त्यातल्या पाण्यामुळे. कोवळ्या, हिरवट बियांत पाणी भरपूर असतं. ते गोठलं की बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि गर्भ मरतो. पूर्ण पिकून वाळलेल्या बियांत गोठण्याजोगं पाणीच फारसं उरत नाही. नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बीजकोठारात २००८पासून बिया वाळवून उणे १८ अंशांत ठेवतात, ते याच भरवशावर.

तेव्हा देठ तपकिरी आणि करकरीत वाळलेली फुलंच तेवढी खुडा. झेंडूचं बी काळं, टोकाला फिकट झालेलं हवं. खरी भीती फ्रॉस्टनंतरच्या पावसाची. भिजलेल्या बोंडांना बुरशी लागते, शिवाय ओल धरलेलं बी पुढच्या कडक थंडीत टिकेलच असं नाही. घरात कागदावर पसरून नीट वाळवा, मगच डबीत भरा. अर्धवट वाळलेलं बी फ्रीझरमध्ये तर मुळीच नको.

शंका असेल तर दहा बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून उबदार जागी ठेवा, आठवड्याभरात कळेल.

मिल्कवीडची (रुईच्या कुळातलं एक फुलझाड) गोष्ट उलटी. त्याच्या बहुतेक थंड प्रदेशातल्या जातींचं बी काही आठवडे गारठा आणि ओल मिळाल्याशिवाय नीट रुजतच नाही, त्यामुळे ते आत्ताच मातीत टाकलेलं बरं.