रथसप्तमी झाली, गच्चीवरच्या कुंड्यांचं आता काय काय उरकायचं?

कोथरूडची_गच्ची

नमस्कार मंडळी. चौथ्या मजल्यावर गच्ची, ऊन सकाळी ८ ते दुपारी ४, पाणी बोअरचं. थंडी ओसरायला लागली आहे, तर पुढची कामं कोणत्या क्रमाने करावीत ते हवंय. झाडं अशी:

गुलाब ४ (१२ इंची कुंड्या). ऑक्टोबरात छाटणी झाली आहे, आता पुन्हा करायची का?
मोगरा २. गेल्या वर्षी नुसती पानंच पानं, फुलं दहा-बारा.
शेवंती ३, फुलं संपून वाळली आहेत.
लिंबू ६० लिटरच्या ड्रममध्ये. फुलं आहेत, मोहरीएवढी फळंही धरली आहेत. माती तीन वर्षांपूर्वीची.
कढीपत्ता. नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या.
जास्वंद. शेंड्याला पांढरा कापूस.
टोमॅटो अजून चालू आहेत, कोथिंबीर फुलावर आली.

सगळं एका रविवारी उरकेल का?

खुरपं_आणि_कात्री

एका रविवारी उरकेल, पण करू नका. छाटणी, कुंडीबदल आणि खत ही तिन्ही एकाच झाडाला एकाच दिवशी केली की झाड बसतं.

आपल्याकडे वसंत म्हणजे रथसप्तमी ते होळी, जेमतेम सव्वा महिना. फेब्रुवारीत दुपारी ३०-३२ अंश असतं, पहाटे अजून गारवा. मार्च संपता संपता ३६-३७ लागतं. आज कात्री लावली की दहा-बारा दिवसांत डोळे फुगतात, आणि ती पालवी जून व्हायला पुढे महिनाभर लागतो. ती कोवळी असतानाच एप्रिलचं ऊन लागलं तर करपते. म्हणून कापाकापी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आणि मुळांचं काम फेब्रुवारीअखेर संपवायचं. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, त्यानंतर कात्री खुंटीला.

गुलाब: मोठी छाटणी ऑक्टोबरात झाली, ती वर्षाची. आता फक्त हलका हात. फुलून गेलेली फांदी वरून मोजून दुसऱ्या पाच पानी पानाच्या वर कापा. काप डोळ्याच्या वर अर्धा सेंटीमीटर, तिरका, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला. डोळा बाहेरच्या दिशेला बघणारा निवडा, म्हणजे झाड मधून मोकळं राहतं. फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येत असेल तर ती मर आहे. कापलेल्या तोंडाचा गाभा पांढरा दिसेपर्यंत खाली खाली कापत या. गाभा तपकिरी दिसतोय तोवर रोग आतच आहे. तोंडाला कॉपर ऑक्सिक्लोराईडची पाण्यात कालवलेली लापशी लावा आणि पुढच्या झाडाला हात लावण्याआधी कात्री स्पिरिटने पुसा. ही पुसण्याची पायरी सगळे गाळतात, मग चारही गुलाबांना एकदम मर कशी लागली म्हणून विचारतात.

कलमाच्या जोडाखालून जोमदार, सरळसोट फुटवा आला असेल तर तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाचा. कापू नका, माती बाजूला करून बुडापासून ओढून तोडा. कापला तर तिथूनच दोन येतात. आता छाटलेल्या गुलाबाला साधारण ४०-४५ दिवसांनी फूल येतं.

मोगरा: पानंच पानं येण्याची कारणं तीन: ऊन कमी, नत्र जास्त किंवा छाटणीच नाही. तुमच्याकडे ऊन भरपूर आहे, म्हणजे उरलेल्या दोघांपैकी एक. मोगऱ्याला फूल नव्या फुटीच्या टोकाला येतं, त्यामुळे जुन्या फांद्या तशाच ठेवून कितीही पेंड घातली तरी पानंच वाढणार. पाणी ८-१० दिवस तोडा, पानं किंचित लोळू द्या. मग फांद्या मातीपासून ९-१० इंचांवर कापा, काडीसारख्या बारीक आणि वाळक्या बुडापासून काढा. उरलेली पानं हाताने ओरबाडून टाका. वरची दोन इंच माती मोकळी करा, प्रत्येक कुंडीला दोन मुठी जुनं शेणखत, अर्धी मूठ निंबोळी पेंड आणि एक मोठा चमचा हाडांचा चुरा मिसळून खालच्या भोकातून वाहीपर्यंत पाणी द्या. त्यानंतर युरिया किंवा शेंगदाणा पेंड अजिबात नको.

शेवंती जमिनीपासून चार इंचांवर कापून सावलीत सरकवा. बुडाशी फुटलेल्या काश्या, म्हणजे मुळांसकट आलेली पिल्लं, हीच पुढच्या वर्षीची रोपं. उन्हाळाभर माती जेमतेम ओलसर ठेवायची. शेवंती उन्हाने कमी मरते, जास्त पाण्याने बूड कुजून जास्त.

माती_मोकळी

वरच्या मोगऱ्याच्या सल्ल्यात एक भर. ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं, ते नुसत्या निरोगी झाडाचं. आधीच पिवळं, अर्धमेलं असेल तर ताण न देता फक्त छाटा.

आता कुंडीबदलाबद्दल. लिंबाला हात लावू नका. फुलं आणि मोहरीएवढी फळं, म्हणजे अंबे बहार (थंडी सरताना येणारा फुलोरा) धरला आहे. या दिवसांत मुळं हलली की सगळी फळं पिवळी होऊन खाली. फक्त वरची तीन इंच माती खुरप्याने हळू उकरून काढा, तेवढंच गांडूळ खत आणि मूठभर निंबोळी पेंड भरा. पाण्यात चढउतार नको. एकदा सुकवून मग एकदम बादलीभर ओतलं तरी फळगळ होते. खोडावर सरळ वर जाणारे जाड, काटेरी पाणसोट असतील तर तेवढे काढा. ड्रममधली माती पावसाळ्याच्या तोंडाला बदलू.

जास्वंद किंवा गुलाबाची कुंडी बदलायची का, हे कुंडीच बघून ठरवा. पाणी घातल्याबरोबर सरळ खालून निघून जातंय, भोकातून मुळं डोकावतायत, किंवा झाड ओढलं तर कुंडीच्या आकाराचा गड्डा निघतोय, तर बदला. नाहीतर वरची माती बदलून भागतं.

मिश्रण घमेल्याच्या मापाने: लाल माती २, जुनं शेणखत किंवा गांडूळ खत १, कोकोपीट १, भाताचं तूस अर्धं. घमेल्यामागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवून पाणी दोनदा पिळून टाका. पहिलं पाणी चहासारखं तांबूस येतं, त्यात मीठ असतं आणि तेच कोवळ्या मुळांना जाळतं. तुमचं बोअरचं पाणी आधीच क्षारांचं, त्यात ही भर नको. शेणखत हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे, पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा आला तर चालेल. ढिगाऱ्यात पांढरी, इंग्रजी ‘सी’सारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची जाड अळी दिसली तर ती हुमणी. एक अळी एका कुंडीतल्या गुलाबाची मुळं खाऊन संपवते आणि वरून पाणी कमी पडल्यासारखं दिसतं, म्हणून लोक आणखी पाणी घालत बसतात.

आदल्या संध्याकाळी पाणी द्यायचं, म्हणजे गड्डा अखंड निघतो. बाहेरून वेढे घातलेली मुळं सुरीने चारी बाजूंनी इंचभर कापा. १२ वरून १४ इंच, एकदम २० इंची नको. मुळांनी न वापरलेली ओली माती आंबते. भोकावर खापर, बस. तळाशी खड्यांचा थर लावल्याने निचरा सुधारत नाही, फक्त मुळांची जागा जाते. जुनी मातीची पातळी होती तिथवरच नवी, कलमाचा जोड पुरायचा नाही. वर दीड इंच जागा पाण्याला सोडा. चार दिवस सावलीत, तीन आठवडे वेगळं खत नाही.

पान_उलटून_पाहा

कढीपत्त्याचं आणि कीडीचं मी घेते.

नवं पान पिवळं, शिरा हिरव्या: लोह कमी. जुनं, खालचं पान आधी पिवळं पडलं असतं तर नत्र म्हटलं असतं. मातीत लोह असतं, पण बोअरच्या चुनखडीच्या पाण्याने माती अल्कधर्मी होते आणि मुळांना ते उचलता येत नाही. कुंडीच्या कडेला पांढरी खरपुडी जमली असेल बघा. हिराकस (फेरस सल्फेट) २ ग्रॅम, लिंबाचं फूल (सायट्रिक ॲसिड) १ ग्रॅम, पाणी १ लिटर. आधी लिंबाचं फूल विरघळवा, मग हिराकस. द्रावण फिकट हिरवं राहिलं पाहिजे, विटकरी झालं तर फेकून द्या. संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. पिवळी झालेली जुनी पानं पूर्ण हिरवी होत नाहीत, नव्या फुटीवरून निकाल लावायचा. फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचा डाग जात नाही. आणि शेंड्याला कळ्यांचा झुबका आला असेल तर तो खुडा, खाली दोन-तीन फांद्या फुटतात.

जास्वंदीचा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. मुंग्या खोडावरून चढताना दिसतील, त्या चिकट गोडासाठी त्याला एका फांदीवरून दुसरीकडे पोचवतात. त्यामुळे मुंग्यांचा बंदोबस्त केला नाही तर फवारणी वाया. जास्त माखलेले शेंडे कापून पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, गच्चीच्या कोपऱ्यात टाकू नका. उरलेल्यावर पाण्याचा जोरदार फवारा, मग कडुनिंबाचं तेल ५ मिली आणि भांड्यांचा लिक्विड साबण १ मिली प्रति लिटर. साबणात तेल आधी खळखळून घ्या, मग पाणी. उलट केलं तर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या झाडाचं पान भाजतं. ऊन उतरल्यावर, ५-६ दिवसांच्या अंतराने तीनदा. मेणचट कवचाखालची अंडी पहिल्या वेळी मरत नाहीत, म्हणून तीनदा.

मार्चमध्ये गुलाबाच्या पानावर टाचणीने टोचल्यासारखे फिके ठिपके दिसले तर पान उलटून पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालू लागले तर लाल कोळी. हवा कोरडी झाली की येतो. पानाच्या खालून पाण्याचा जोरदार मारा, तीन-तीन दिवसांनी, बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. गंधक मारायचं असेल तर आत्ता, ऊन कडक झालं की पानं भाजतात.

लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर ती फुलपाखराची अळी. काडीने उचलली की काम झालं, तेलबिल नको.

कोथरूडची_गच्ची

सगळ्यांचे आभार. कडेला पांढरी खरपुडी आहेच! दोन शंका. एक, पाणी किती? दुसरी, टोमॅटो काढून त्या कुंड्यांत काय लावू?

खुरपं_आणि_कात्री

१२ इंची कुंडीला आत्ता दिवसाआड लिटर-सव्वा लिटर, एप्रिलमध्ये रोज दोन लिटरपर्यंत. पण मापापेक्षा बोट. दोन पेरं आत कोरडं लागलं तरच. सकाळी आठच्या आत. क्षारांसाठी महिन्यातून एकदा, जमल्यास पिण्याच्या नळाचं पाणी कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट ओतून खालून वाहू द्या.

आच्छादन विसरू नका. देशी बदाम आणि वर्षावृक्षाचा पाचोळा रस्त्यावर फुकट पडलेला असतो. दोन इंच थर, खोडापासून बोटभर लांब. कुंड्या विटांवर चढवा. फरशी तापते तेव्हा तळाची मुळं शिजतात.

वेल_मांडवावर

टोमॅटो एवढ्यात काढू नका, मार्चच्या मध्यापर्यंत फळं पिकतील. रात्र गरम झाली आणि दुपार ३५ च्या वर गेली की नवी फुलं गळतात, तेव्हा उपटा. मात्र पानं वाटीसारखी वर वळून बारीक झालेलं झाड आजच काढा. तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू आहे, त्याला औषध नाही. कोथिंबीर धण्यासाठी सोडा.

रिकाम्या कुंड्यांत भेंडी, गवार, काकडी, दोडका. पेरणी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत. भेंडीचं बी रात्रभर भिजवून पाऊण इंच खोल, १४ इंची कुंडीत दोन झाडं, ४५-५० दिवसांत तोडा. वेल एका २० लिटरच्या बादलीत एकच. दोन लावले की दोन्ही उपाशी.

चौथ्या मजल्यावर मधमाश्या कमी असतील तर परागीभवन हाताने करावं लागेल. काकडीचं फूल सकाळी ९ च्या आत. दोडका मात्र संध्याकाळी उमलतो, सकाळी ब्रश घेऊन गेलात तर फुलं मिटलेली सापडतील आणि लहान दोडके पिवळे पडून गळत राहतील. मादी फुलामागे इवलासा दोडका असतो, नर फुलामागे नुसता देठ. नर फूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून मादीच्या मध्यावर हलकेच फिरवायचं.

कोथरूडची_गच्ची

संध्याकाळी म्हणजे साधारण किती वाजता?

वेल_मांडवावर

साडेपाचनंतर बघायला लागा. पाकळ्या पूर्ण उघडल्या की लगेच, अंधार पडायच्या आत.