किटची वाइन जिभेला चुणचुणते: बाटल्या भराव्यात की थांबावे?

तळघरवासी (मिसिसागा, कॅनडा):
नमस्कार. हिवाळ्याच्या सुरुवातीला मी घरी वाइन करण्याचे किट आणले. द्राक्षरसाचा अर्क पाण्यात मिसळून 23 लिटर करायचा आणि त्यातून साधारण 30 बाटल्या मिळतात, असे हे मर्लो या लाल वाइनचे किट आहे. यीस्ट घातले तेव्हा हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता मोजणाऱ्या साधनावर; साखर आंबून संपत जाते तशी नोंद खाली येते) 1.090 ही नोंद मिळाली आणि आता ती 0.996 वर स्थिरावली आहे. सल्फाइट (वाइन टिकवणारे), सॉर्बेट (पुन्हा आंबणे रोखणारे) आणि गाळ खाली बसवणारे द्रावण सूचनांप्रमाणे घातले असून वाइन काचेच्या कार्बॉयमध्ये, म्हणजे अरुंद गळ्याच्या मोठ्या बरणीत, तळघरात आहे. किटसोबतच्या सूचनापत्रकानुसार या आठवड्यात बाटल्या भरायला हव्यात. परंतु चव घेतली तर जिभेला चुणचुणते, आंबटपणा टोकदार वाटतो आणि रंगही पुरेसा नितळ दिसत नाही. बाटलीत ठेवल्यावर हे आपोआप सुधारेल का?

बुचवाला:
नोंदी पाहता आंबण्याची क्रिया पूर्ण झाली आहे. दोन नोंदींमधील फरकाला 131 ने गुणले तर मद्यार्काचे प्रमाण 12 टक्क्यांच्या थोडे वर येते, म्हणजे त्या बाबतीत चिंता नको. चुणचुण आहे ती विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडची. द्रव जितका थंड, तितका हा वायू त्यात अधिक टिकतो आणि कॅनडातल्या हिवाळ्यातले तळघर म्हणजे त्याला आयतेच आश्रयस्थान. आंबटपणा टोकदार वाटतो त्यामागेही काही अंशी हाच वायू आहे, आणि सूक्ष्म बुडबुडे कणांना वर उचलून धरत असल्यामुळे गाळही नीट खाली बसत नाही. तुमच्या तिन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच आहे.

खात्री करायची असेल तर अरुंद तोंडाची लहान बाटली अर्धी भरा, तोंडावर अंगठा घट्ट धरून जोरात हलवा आणि अंगठा काढा. ‘फस्’ असा आवाज आला तर वायू शिल्लक आहे. कार्बॉय घरात वर आणून ठेवा, वाइन 22 ते 24 अंश सेल्सियसपर्यंत येऊ द्या आणि मग ड्रिलला लावायच्या दांड्याने थोडा थोडा वेळ, दिशा बदलत ढवळा. पहिल्या फेऱ्यांना फेस उसळून येतो, म्हणून सुरुवात अगदी हळू करा. फेस येणे थांबले की ढवळणेही थांबवा, कारण त्यापुढे वायू बाहेर जाण्याऐवजी हवा आत जाते आणि वाइनचा ताजेपणा हरपतो. त्यानंतर कार्बॉय गळ्यापर्यंत भरलेला ठेवून एअरलॉक (वायू बाहेर सोडणारे पण हवा आत न येऊ देणारे झाकण) लावा व नितळ होईपर्यंत हात लावू नका. बाटलीत मात्र हे सुधारणार नाही, कारण बूच बसल्यावर वायूला जायला वाट उरत नाही.

पत्रकातील आठवडे हे विक्रेत्याच्या सोयीचे असतात, असे माझे स्पष्ट मत आहे. हायड्रोमीटर आणि जीभ यांचे ऐकावे.

सावकाश_घोट:
वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त सॉर्बेटविषयी एक भर घालतो. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, त्याची वाढ रोखते. म्हणून हायड्रोमीटर स्थिर झाल्यावरच ते घालायचे असते आणि आपण तसेच केलेले दिसते. आंबटपणा कमी करण्यासाठी मॅलोलॅक्टिक जिवाणू वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर किटच्या वाइनमध्ये तो मुळीच मानू नका. ते जिवाणू सॉर्बेटवर काम करू लागले की जिरेनियमच्या पानांसारखा उग्र वास सुटतो आणि तो नंतर काढता येत नाही.

आता चव घेण्याविषयी. तळघरातून थेट पेल्यात ओतलेल्या लाल वाइनवरून निर्णय देणे अन्यायाचे आहे, कारण थंडपणामुळे आंबट आणि तुरट या दोन्ही बाजू पुढे येतात. ती 16 ते 18 अंशांवर आणा, आणि शेजारी दुकानातील साधी मर्लो ठेवून, कोणता पेला कोणता हे घरातील दुसऱ्या कोणाला तरी ठरवू देऊन तुलना करा. सोबत चिवडा किंवा शेव नको, कारण तिखटामुळे मद्यार्क अधिकच जळजळतो. चीजही नको, ते तुरटपणा झाकून दोष लपवते. किटच्या कोवळ्या वाइनला जो एक गोडसर, शिजवलेल्या फळासारखा वास असतो, तो बाटलीत 3 महिन्यांनी कमी होतो आणि लाल वाइनमध्ये 6 महिन्यांनंतर फरक स्पष्ट कळतो.

तळघरवासी:
दोघांचेही आभार. अंगठ्याची चाचणी केली आणि आवाज तर आलाच, शिवाय शर्टावर शिंतोडेही उडाले. कार्बॉय आता स्वयंपाकघरात आणला आहे. जुळल्यास हाच प्रयोग नाशिकला भावाकडेही करावा, असा विचार मनात आला होता.

बुचवाला:
भावाला त्यात ओढू नका. कॅनडात स्वतःच्या वापरासाठी घरी वाइन करता येते, विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हाच गुन्हा आहे, मग ते घरापुरते का असेना. ढवळून झाल्यावर वाइन नितळ व्हायला किती वेळ लागला, ते मात्र येथे जरूर लिहा.