आईचे डोळ्यांचे ड्रॉप, ०.५ टक्के की १ टक्का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आईचं (वय ६८) मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं, लांबचं लख्ख दिसतं, समोरच्या बिल्डिंगमधे कोणी काय वाळत घातलंय तेही सांगते. पण तेव्हापासून डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं आणि पाणी सारखं वाहतं. डॉक्टरांनी पापणीत कागदाची पट्टी अडकवून ५ मिनिटं बसवलं, ती जेमतेम ४ मिमी ओली झाली, म्हणाले डोळे कोरडे आहेत. पाणी वाहतंय आणि कोरडे कसे?

ड्रॉप दिलेत कार्बोक्सीमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के, दिवसातून ४ वेळा, आणि रात्री झोपताना तेच १ टक्का. आईने आपलं ठरवलं की १ वाला डबल पॉवरचा, म्हणून तोच दिवसभर आठ-दहा वेळा, त्यातला अर्धा गालावर, आणि मग धुरकट दिसलं की मोतीबिंदू परत आला म्हणून मला ऑफिसात फोन. त्यात परवा आईस्क्रीमच्या डब्यावर ४६६ नंबरचा स्टॅबिलायझर दिसला, शोधलं तर हेच! हे डोळ्यांत घालणं ठीक आहे ना?

प्रतिसाद १
मेडिकल स्टोअरला बसते, त्यामुळे हा प्रश्न रोजचा. सेल्युलोज म्हणजे झाडाचा, कापसाचा धागा, एरवी पाण्यात विरघळत नाही, प्रक्रिया करून विरघळणारं केलं की हे बनतं. पाणी धरून ठेवतं आणि बुबुळाला चिकटून राहतं म्हणून साध्या पाण्यासारखं दोन उघडझापीत निघून जात नाही. आईस्क्रीममधे बर्फाचे खडे होऊ नयेत म्हणून, टूथपेस्टमधे दाटपणासाठी, काम एकच. पण म्हणून आईस्क्रीम डोळ्यांत घालू नका हां, ड्रॉप निर्जंतुक असतात :)
१ टक्का म्हणजे जास्त औषध नाही, जास्त दाट. टिकतो जास्त पण थोडा वेळ धूसर दिसतं, म्हणूनच रात्रीचा. आणि पाणी वाहतं ते कोरड्या डोळ्याला टोचतं म्हणून, ते पाणी टिकत नाही.

प्रतिसाद २
खोक्यावर प्रिझर्व्हेटिव्ह कुठलं ते बघा. बेंझालकोनियम क्लोराइड असेल तर आठ-दहा वेळा नको, तेच डोळ्याच्या वरच्या थराला त्रास देतं. ४ पेक्षा जास्त वेळा लागत असेल तर डॉक्टरांना विनाप्रिझर्व्हेटिव्हच्या छोट्या कुप्या विचारा, महाग पडतात पण. आणि डोळा दुखला, लाल झाला, उजेड सहन होईना किंवा नजर एकदम कमी झाली तर धागा वाचत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

धागाकर्ती
बघितलं, बेंझालकोनियमच आहे!! आणि बाटली फोडून दीड महिना झालाय, खोक्यावर लिहिलंय महिन्याने टाका. आई म्हणते अर्धी आहे की गं अजून. टाकली, आणि उद्या कुप्यांचं विचारते. अजून एक, काचबिंदूचाही थेंब आहे तिला रात्री, लागोपाठ घालते.

प्रतिसाद १
लागोपाठ नको, पहिला धुऊन जातो. काचबिंदूचा आधी, मग निदान ५ मिनिटं थांबून हा दाट शेवटी. खालची पापणी ओढून त्या खोबणीत एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबायला सांगा, गालावर येणार नाही.