'मास्ट सेल'ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरवाली
एका ॲलर्जीतज्ज्ञ डॉक्टरांसाठी रुग्णांना द्यायची चार पानी पत्रिका मराठीत करतेय. वाटप सोलापुरातच, त्यामुळे भाषा पुस्तकी नको अशी ताकीद आहे. गाडी अडली ती 'मास्ट सेल'पाशी. आधी कुणीतरी यंत्राकडून करून घेतलेला मसुदा हाती आला. त्यात 'डोलकाठी पेशी' आहे. मास्ट म्हणजे गलबताची डोलकाठी, म्हणून! सोलापुरात गलबत कुठून आणू? पुढच्या पानावर तीच पेशी 'मस्त पेशी' झाली आहे.
मजकूर साधारण असा: या पेशी कातडीत, श्वासनलिकेत, आतड्यात, रक्तवाहिन्यांच्या आसपास मुक्कामाला असतात. त्यांच्यात हिस्टामिन वगैरे रसायनं भरलेले कण असतात. ॲलर्जी असलेला पदार्थ आला की हे कण भसकन बाहेर पडतात. त्या बाहेर पडण्यालाही शब्द हवाय. उद्या संध्याकाळी छापखान्यात द्यायचंय.

रंगखाना
डोलकाठीचा काही संबंध नाही. शब्द जर्मन आहे. पॉल एर्लिख या शास्त्रज्ञाने १८७८ साली लाइपझिगला दिलेल्या प्रबंधात या पेशींना 'मास्टत्सेलन' म्हटलं. जर्मनमध्ये मास्ट म्हणजे जनावराला चारून चारून लठ्ठ करणं. दाण्यांनी गच्च भरलेली पेशी बघून त्याला वाटलं, ही खाऊन फुगली आहे. समज चुकीचा निघाला, नाव मात्र चिकटलं.
मला हे ठाऊक असायचं कारण म्हणजे आमचा सूत रंगवायचा धंदा. एर्लिख कापडासाठी निघालेले ॲनिलिनचे रंग पेशींवर टाकून बघायचा. रंग निळा, बाकी सगळं निळं होतं, आणि या पेशींतले दाणे तेवढे जांभळट-लाल. आमच्याकडे एका हौदातनं दोन रंग निघाले तर माल परत येतो. त्याला नोबेल मिळालं.

ओपीडीनंतर
नोबेल १९०८ चं, आणि ते प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. दाण्यांच्या रंगासाठी नव्हे. बाकी बरोबर.

शुद्धमती
मग अडचण कुठे आहे? मूळ अर्थ 'पोसलेली', तर 'पुष्टपेशी' म्हणा. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून टाकला की भाषांतर झालं, ही आपली आळशी खोड आहे. अँटिबॉडीला 'प्रतिपिंड' रुळला ना?

ओपीडीनंतर
प्रतिपिंड रुळला तो पाठ्यपुस्तकात. माझ्या बाकावर बसलेल्या माणसाला प्रतिपिंड म्हटलं तर तो दशक्रियेचा विधी आठवतो. आणि 'पुष्टपेशी' ऐकून पहिला प्रश्न येईल, "डॉक्टर, माझ्या कमी पडल्यात का? टॉनिक द्या." एर्लिखची चूक आपण मराठीत नव्यानं कशाला करायची?

कडकभाकरी
सुरुंगपेशी म्हणा की. स्फोटच होतो ना.

ओपीडीनंतर
नको. या पेशी नुसत्या खलनायक नाहीत. पोटातल्या जंतांना हुसकावण्यात त्यांचा हात असतो. उंदरांवरच्या प्रयोगांत तर साप नि मधमाशीच्या विषाचा जोर त्यांच्यातली विकरं कमी करतात असं दिसलंय. पाहुणा ओळखायला चुकतात, एवढंच. आयजीई नावाची प्रतिपिंडं (वापरला, शुद्धमतीताई!) पेशीच्या अंगावर आधीच टोचून बसलेली असतात. शेंगदाण्याचं किंवा माशीच्या विषाचं प्रथिन येऊन त्यांतल्या दोघी-चौघींना एकत्र बांधतं, आणि काही मिनिटांत दाणे बाहेर.

ज्वारीचं रान
दाणे दाणे म्हणताय म्हणून सुचलं. 'पेवपेशी' कसं वाटतंय? आमच्या गावात आजोबांच्या वेळेपर्यंत ज्वारी जमिनीखालच्या पेवात ठेवायचे. बाहेरनं बघितलं तर साधी जमीन, आत पोत्यांच्या पोती दाणे. आणि बाहेर पडण्याला वेगळा शब्द शोधायलाच नको. 'पेव फुटलं'!

भाषांतरवाली
अहो काय सुंदर! "हिस्टामिनचं पेव फुटतं आणि अंगावर गांधी उठतात." हे तर सोलापुरात कुणालाही कळेल.

शुद्धमती
पेव फुटणे म्हणजे एखाद्या गोष्टीचा सुळसुळाट होणे. क्लासेसचं पेव फुटलं, पतपेढ्यांचं पेव फुटलं. इथे सुळसुळाट कशाचा?

ज्वारीचं रान
हिस्टामिनचाच की. आणि ते जुनं पेव उघडल्या उघडल्या आत उतरायचं नसतं बरं का, आत कोंडलेल्या हवेनं माणूस गुदमरतो. तुमच्या त्या धाप लागण्याशी तेही जुळतंय.

रंगखाना
हे ओढूनताणून झालं बे.

ओपीडीनंतर
मला पेवपेशी आवडलं. पण तिसऱ्या पानावर मास्टोसायटोसिस असेल ना, म्हणजे या पेशीच अंगात जास्त होणं? त्याला 'पेवपेशीवृद्धी' म्हणणार? रुग्ण उद्या पुण्याला दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन "मला पेवपेशीवृद्धी आहे" म्हणाला तर ते त्याला शेतकी अधिकाऱ्याकडे पाठवतील. कागदावर 'मास्ट पेशी' असू द्या, समजावताना पेव आणा.

शुद्धमती
म्हणजे मराठी फक्त उपमेपुरती, नाव इंग्रजांचं.

रंगखाना
जर्मनांचं.

भाषांतरवाली
बरं, त्यातच दुसरा घोळ. 'अंगावर पित्त उठणे' ठेवू की 'गांधी'? माझ्या सासूबाईंना गेल्या वर्षी मधमाशी चावून अंगभर उठलं. मी औषधाच्या दुकानात "पित्ताची गोळी द्या" म्हटलं, तर त्यांनी ॲसिडिटीची दिली. घरी येऊन घेतलीसुद्धा. खाज तशीच.

कडकभाकरी
तुम्ही 'अंगावरच्या पित्ताची' म्हणायला पाहिजे होतं. आमच्या आज्जी आमसूल भिजवून ते पाणी अंगाला लावायच्या आणि घोंगडी पांघरून बसवायच्या. घोंगडीनं खाज दुप्पट व्हायची, पण बोलायची सोय नव्हती.

ओपीडीनंतर
पित्ताची गंमत सांगतो. जळजळीचं पित्त आणि अंगावरचं पित्त, दोन्हीकडे कारभारी हिस्टामिनच. जठरात आम्ल सुटायला तेच इशारा देतं. फॅमोटिडिनसारखी ॲसिडिटीची गोळी ही एक प्रकारची हिस्टामिनरोधकच आहे. फक्त ती जठरातलं कुलूप लावते, कातडीतलं कुलूप निराळं. कातडीच्या गांधी नुसत्या तिच्यानं आवरत नाहीत.

शुद्धमती
म्हणजे पूर्वजांना माहीत होतं!

ओपीडीनंतर
नव्हतं. जठरातलं हिस्टामिन मुख्यतः वेगळ्याच पेशी सोडतात, मास्ट पेशी नव्हेत. योगायोग आहे, त्याचा वेद करू नका. आणि पत्रिकेत ठळक लिहा: पित्त उठून ओठ-जीभ सुजली, धाप लागली, आवाज बसला, चक्कर आली, तर आमसूल नाही, घोंगडी नाही, तडक दवाखाना. तिथं मांडीत ॲड्रिनलिनचं इंजेक्शन देतात. 'पित्तच आहे, उतरेल' असं म्हणत घरी बसलेली माणसं पाहिली आहेत मी. म्हणून मला तो शब्दच नको वाटतो.

कडकभाकरी
मग गांधी लिहा. पण गांधी मराठी नाहीच. माझं आजोळ कन्नड. तिकडं 'पित्तद गंधे' म्हणतात. आपण गंधेचं गांधी केलं.

शुद्धमती
उलट कशावरून नसेल? गांधीलमाशी बघा. चावली की गांधी उठते, म्हणून ती गांधील. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात तर उदर्दाचं, म्हणजे अंगावरच्या पित्ताचं, लक्षणच 'वरटीदष्टसंस्थान' असं दिलंय. वरटी म्हणजे गांधीलमाशी, ती चावल्यासारखी सूज.

रंगखाना
त्यात सूज कशी दिसते ते सांगितलंय, शब्द कुठनं आला ते नाही. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगूत 'दद्दुर्लु' म्हणतात. आता तो दादरवरनं आला म्हणा.

कडकभाकरी
दादरवरनं सोलापूरला सिद्धेश्वर एक्सप्रेस येते, म्हणजे जमतंय 😄

ज्वारीचं रान
माशीला आमच्याकडं गांधीण म्हणतात. ल नाहीच.

शुद्धमती
गांधीण? हे प्रथमच ऐकते. कुठला तालुका?

ज्वारीचं रान
मंगळवेढा.

भाषांतरवाली
मंडळी, छापखान्याचा फोन येऊन गेला. 'मास्ट पेशी' लिहिलंय आणि कंसात 'दाण्यांनी भरलेलं पेव समजा'. शुद्धमतीताई रागावू नका. आता एकच सांगा, मुद्रितशोधकानं अडवलंय: अनेक असतील तर 'गांधी उठल्या', 'गांधी उठतात' की 'गांध्या'?

शुद्धमती
गांधी स्त्रीलिंगी, म्हणून अनेकवचन गांध्या.

कडकभाकरी
आमच्यात एक उठली तरी 'गांधी उठल्या'च म्हणतात. एक कधी उठते का?