मदत हवी आहे: जुना पीएस३ (प्लेस्टेशन ३, सोनीचं गेम खेळायचं मशीन) घेऊ का? (८० जीबी, जाडा मॉडेल)

अर्धवट_सेव्ह:
मंडळी, जरा मदत करा. दोन आठवडे झाले याच विषयात अडकलोय, आता बायको म्हणते घ्यायचा तर घे नाहीतर सोड, पण विषय बंद कर.

झालंय असं की माझ्याकडे जुन्या पीएस२ च्या तीसेक डिस्क आहेत, सगळ्या ओरिजिनल, डब्यासकट. पीएस२ कधीच गेला, लेन्स डिस्क वाचेना, दोनदा साफ केली आणि शेवटी नाद सोडला. आता ऑफिसातला एक जण त्याचा पीएस३ विकायला काढतोय, पहिला तो जाडा चकचकीत वाला, ८० जीबी. म्हणाला यात पीएस२ च्या डिस्क पण चालतात. म्हणजे माझी जुनी पेटी परत उघडता येईल आणि पीएस३ चे राहून गेलेले गेमही खेळून होतील, एका दगडात दोन पक्षी. ऑनलाइन खेळणार नाही, मला फक्त स्टोरीवाले गेम लागतात आणि तेही रात्री पोरं झोपल्यावर.

पण २००६ सालचं डिझाइन आहे हो, इतकं जुनं मशीन घ्यावं का? पीएस४ घ्या म्हणू नका, त्यात ना पीएस३ ची डिस्क चालत ना पीएस२ ची, ते वाचून झालंय.

बटणबहाद्दर:
इम्युलेटर वापर की, म्हणजे कॉम्प्युटरवर जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर. फुकट.

अर्धवट_सेव्ह:
लॅपटॉप ऑफिसचा आहे आणि एक्सेल उघडलं तरी पंखा विमानासारखा ओरडतो.

सोल्डरवाला:
थांब थांब, पैसे देऊ नकोस अजून. "८० जीबी आहे आणि पीएस२ चालतो" या वाक्यातच गोम आहे.

पीएस२ चालणारे पीएस३ फक्त सुरुवातीचे. मागच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, सीईसीएच आणि त्यापुढे एक अक्षर, ते अक्षर बघ. ए आणि बी मध्ये पीएस२ च्या दोन्ही मुख्य चिप आत बसवलेल्या होत्या. सी आणि ई मध्ये ग्राफिक्सची चिप ठेवली, प्रोसेसरचं काम सॉफ्टवेअरवर ढकललं, म्हणून बरेच गेम चालतात पण काही अडखळतात. जी पासून पुढे सगळं काढून टाकलं, पीएस२ ची डिस्क टाकलीस तर चालणार नाही. पीएस१ ची मात्र सगळ्या पीएस३ मध्ये चालते. आता गंमत बघ, ई पण ८० जीबीचा होता आणि नंतरचे के, एल पण ८० जीबीचेच. शिवाय हार्ड डिस्क साधी लॅपटॉपची अडीच इंची, कोणीही पाच मिनिटांत बदलतो, त्यामुळे जीबीवर अजिबात जाऊ नकोस.

स्टिकर खरवडलेला असेल तर पुढचे यूएसबी पोर्ट मोज. चार असतील तर जुना, दोन असतील तर पीएस२ विसर.

आणि चार पोर्टवाला निघाला तरी लगेच नाचू नकोस. पिवळ्या लाइटचा रोग त्याच खेपेला जास्त आहे, सुरू करताना पिवळा दिवा एक क्षण येतो, मग लाल लुकलुक आणि मशीन बंद. कोणी म्हणतं सोल्डर, कोणी म्हणतं कपॅसिटर, कोणी म्हणतं मूळ ग्राफिक्स चिपच तशी, भांडत बसतात लोक. माझ्याकडे असे चार आले, चारही आधी कोणीतरी हीट गनने भाजून "रिपेअर" केलेले. ते भाजणं फार तर काही आठवडे पुरतं. त्यामुळे "नुकताच रिपेअर केलाय" ऐकलंस की चहा पी आणि घरी ये.

अर्धवट_सेव्ह:
बाप रे, मी तर जीबी बघूनच खूश होतो. उद्या ऑफिसात बघतो.

जुनाट_माणूस:
दादा, ड्राइव्हही नीट बघा. पीएस३ चे गेम ब्लू-रे डिस्कवर असतात, आणि ब्लू-रे वाचणारा लेझर वेगळा आणि डीव्हीडी-सीडीचा वेगळा, त्यामुळे एक मेला तरी दुसरा मजेत चालू असतो. विकणारा सिनेमाची डीव्हीडी लावून दाखवतो, आपण मान डोलवतो आणि घरी आल्यावर गेमची डिस्कच वाचत नाही. माझं अगदी असंच झालंय. दोन्ही प्रकारच्या डिस्क घेऊन जा, गेम अर्धा तास चालू ठेवा आणि पंख्याचा आवाज ऐका. ड्राइव्ह बदलायची वेळ आली तर आख्खा दुसरा लावून चालत नाही, त्यातला बोर्ड त्याच मशीनच्या मदरबोर्डशी जोडलेला असतो, नुसता लेझर बदलावा लागतो.

गेम ऑनलाइन विकत घ्यायच्या स्टोअरचं म्हणाल तर सोनी २०२१ मध्ये बंद करणार होती, लोकांनी ओरडा केल्यावर पीएस३ चं चालू ठेवलं. पण मशीनवरून थेट कार्डाने पैसे भरता येत नाहीत, वॉलेटमध्ये, म्हणजे स्टोअरच्या खात्यात, आधी भरावे लागतात. मी तरी डिस्कच घेतो. पीएस३ च्या गेमला रीजनची (एका भागातली डिस्क दुसऱ्या भागातल्या मशीनवर न चालण्याची) कटकट जवळपास नाहीच, पीएस१, पीएस२ च्या डिस्कला मात्र आहे.

अर्धवट_सेव्ह:
अपडेट. दोन पोर्ट. 🙂

स्टिकरवर एल. त्याला विचारलं पीएस२ ची डिस्क कधी लावलीस का, तर म्हणाला नाही रे, कुठेतरी वाचलं होतं. बिचाऱ्याने मुद्दाम फसवलं नाही, माझ्यासमोरच माझी डिस्क लावून बघितली आणि माझ्यापेक्षा जास्त तोच ओशाळला. बाकी ब्लू-रे, डीव्हीडी दोन्ही वाचल्या, पाऊण तास गेम चालवला, गरम हवा येते पण पंखा काही बोंबलला नाही. कधीच उघडलेला नाही, मागचं सील शाबूत आहे. आता काय करू, सोडून देऊ आणि ए-बी शोधू?

सोल्डरवाला:
अजिबात नको. एल म्हणजे उलट चांगला निघाला, त्यातल्या चिप नंतरच्या, कमी तापणाऱ्या. पीएस३ चे गेम खेळायला हाच घे. धूळ काढून थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदल, आणि सीआर२०३२ सेल पण नवीन टाक म्हणजे घड्याळ बिघडणार नाही. तुझ्या तीस डिस्कसाठी वेगळा पातळ पीएस२ बघ. दोन डबे झाले तर झाले, एकाच डब्यात सगळं मिळवायच्या नादात चार पोर्टवाला घेशील आणि मग माझ्याकडेच येशील.

बटणबहाद्दर:
पीएस२ नवीन टीव्हीला लावलास तर पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरने चित्र पुसट दिसेल, तेव्हा इथे येऊन रडू नकोस.

अर्धवट_सेव्ह:
पोरं झोपल्यावर मी चष्मा काढूनच खेळतो, पुसट चालेल. घेतोय. उद्या मशीन आणतो, कंट्रोलर एकच आहे पण चालेल.

जुनाट_माणूस:
त्याच्याकडून चार्जिंगची वायर आठवणीने मागून घ्या, ती मिनी यूएसबी लागते, आताच्या फोनची बसत नाही. आणि मोबाइलच्या चार्जरला लावून "चार्ज होत नाही" म्हणून नवा धागा काढू नका, तो कंट्रोलर बऱ्याच चार्जरवर चार्जच होत नाही, मशीनलाच लावा आणि मशीन चालू ठेवा.