तुरुंगात गुमान राहिला म्हणून शिक्षा कमी?

रांगडा_सातारकर: काल इथं कुणीतरी लिहिलं, "माफी (म्हणजे शिक्षेतून कमी होणारे दिवस) कैद्याने कमावलेली असते, उगाच बोंब मारू नका." डोकं सणकलं, म्हणून हा धागा. कोर्टाने पाच वर्षं दिली म्हणजे पाच. संजय दत्त फेब्रुवारी २०१६ ला येरवड्यातून आठ महिने आधी बाहेर आला. कशाबद्दल? कागदी पिशव्या चिकटवल्या म्हणून!

वकिलीणबाई: नुसत्या पिशव्यांवर नाही हो. काम आणि शिस्त, दोन्हीचे दिवस जमा होतात. बराकीत मोबाइल सापडला, फर्लोवरून, म्हणजे कैद्याला मिळणाऱ्या रजेवरून, उशिरा आला, की कापलेही जातात. लवकर सुटायची आशाच नसेल तर मूठभर पहारेकऱ्यांना जुमानेल कोण?

रांगडा_सातारकर: मग २००२ च्या गुजरात दंगलीत बिल्किस बानोवर सामूहिक बलात्कार करणाऱ्यांचं वर्तनही 'चांगलं'च होतं की! १५ ऑगस्ट २०२२ ला गुजरात सरकारने अकराही सोडले, वर हारतुरे.

वकिलीणबाई: पुढचं का गाळलंत? ८ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ती सुटका रद्द केली. खटला मुंबईत चालला होता, अधिकार महाराष्ट्राचा, गुजरातचा नव्हेच. आणि खुनाच्या जन्मठेपेला माफी कितीही साठू दे, चौदा वर्षं प्रत्यक्ष काढावीच लागतात.

नाना_खवचट: डॉन अरुण गवळीने २०१८ ला नागपूर जेलमध्ये गांधीविचारांच्या परीक्षेत ८० पैकी ७४ काढले. आमच्या चिरंजीवांनाही पाठवावं म्हणतो.

माणदेशी: पक्क्या कैद्यांचं पुराण पुरे. माझा चुलतभाऊ कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच आत. जामीन मंजूर, पण जामीनदार कुठून आणायचा? काकू मुलाखतीला पहाटेची एसटी धरायची. जाळीच्या एका अंगाला तो, दुसऱ्या अंगाला दहा बायका एकदम ओरडतायत. "जेवलास का" एवढं विचारेस्तोवर वेळ संपायची. देशातल्या तुरुंगांत चारातले तीन असेच कच्चे. त्यांच्या चांगल्या वागण्याचं काय?

नाना_खवचट: विषय माफीचा आहे, भाऊबंदकीचा नाही.

माणदेशी: नाना, तुमच्या घरचं कुणी आत गेलं नाही म्हणून कोट्या सुचतात.

वकिलीणबाई: कच्चेपणीचे दिवस शिक्षेतून वजा होतात. दत्तचे सुरुवातीचे दीड वर्ष तसेच धरले.

माणदेशी: शिक्षा झाली तर ना, मॅडम! आमचा निर्दोष सुटला. त्याचे दिवस कशातून वजा करू?

रांगडा_सातारकर: बरं बाबा, कच्च्यांवर अन्याय होतो, मान्य. त्याचा वेगळा धागा काढा. पिशव्यांचं उत्तर मला अजून पटलेलं नाही.